कलिंगडाचं प्रकरण

कलिंगड मोठं करायचं असेल तर त्याच्या भावंडांचा बळी द्यावा लागतो. खत, पाणी, ऊन, माती हे सगळं नंतर. एका वेलीला पाच-सात फळं धरतात. त्यातलं एक ठेवायचं आणि बाकीची लिंबाएवढी असतानाच खुडून टाकायची. मग पानांनी केलेली सगळी साखर आणि मुळांनी ओढलेलं सगळं पाणी त्या एकट्याच्या वाट्याला येतं आणि ते फुगत जातं. यापलीकडे गुपित असं काही नाही. बाजारासाठी पिकवणारे शेतकरीसुद्धा वेलीवर दोन-तीनच फळं राखतात आणि त्याबद्दल त्यांना कुणी क्रूर म्हणत नाही.

पण हेच वाक्य एखाद्या मराठी मध्यमवर्गीय घराच्या परसात उभं राहून म्हणून बघा. ज्या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात, श्रीखंडाच्या डब्यात मोहरी असते, मोहरीच्या डब्यात सुतळी असते, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी होते आणि मिठाईच्या खोक्याचं रबरबँड स्वयंपाकघराच्या कडीवर कायमचं वस्तीला येतं, त्या घरात जितंजागतं, वाढतं, लुसलुशीत फळ मुद्दाम तोडून फेकायचं? नासलं असतं तर गोष्ट वेगळी. नासलं असतं तरी नासका भाग काढून उरलेलं वापरलं असतं.

आपल्याकडे विक्रमी कलिंगडं होत नाहीत याचं कारण हवामान नव्हे, संस्कार आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

हे मत बनलं सांगलीत, आमच्या साडूंच्या परसात. साडूंना घरात सगळे अण्णा म्हणतात. अण्णा बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. त्यांनी मंजूर केलेली कर्जं लोक विसरले; नाकारलेली अजून कुणी विसरलेलं नाही. मंडईत एखादे गृहस्थ त्यांना बघून रस्ता ओलांडून पलीकडे जातात, तेव्हा ताई, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाई, हळूच सांगतात, "पिठाची गिरणी. १९९८." असा माणूस फळं विरळ करण्यासाठीच जन्माला आलेला, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

निवृत्तीनंतर अण्णांनी बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत आधी वांगी लावली. पण कृष्णाकाठी वांगी आणण्यात पराक्रम कसला? इथं वांगी आली नाहीत तर ती बातमी. मग एका उन्हाळ्यात ते कलिंगड आणायला गेले आणि चिडून परत आले. पिशवीतून फळ काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "हे कलिंगड? हा पेरू आहे."

यात अतिशयोक्ती असली तरी तक्रार खरी होती. बाजारातलं कलिंगड आता आटोपशीर झालं आहे. शुगर बेबीसारखे वाण मुळातच तीन-पाच किलोंचे. घरात माणसं तीन, फ्रिजमध्ये जागा वीतभर, आणि गिऱ्हाईक फळ उचलताना आधी मनातल्या मनात दुधाचं पातेलं बाजूला सरकवून बघतं. शेतकऱ्याला हे कळतं, म्हणून तोही फळ फार वाढू देत नाही. अण्णांच्या लहानपणी नदीच्या वाळवंटात खड्डे खणून, शेणखत भरून कलिंगडं लावायचे, आणि एक फळ घरी आणायला दोन पोरं लागायची, असं ते सांगतात. त्यातलं एक पोर ते स्वतः होते. तेव्हा त्यांचा आकार केवढा होता हे हिशेबात धरलं पाहिजे, असं ताईंचं म्हणणं.

अण्णा प्रकरण नीट अभ्यासल्याशिवाय सही करत नाहीत. तो सगळा पावसाळा त्यांनी अभ्यासात घालवला आणि दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा फराळाच्या ताटांवरून एकदम आकडा टाकला, "१५९ किलो."

"कोण?" ताईंनी विचारलं. त्यांच्या मनात एका नातेवाइकांचं नाव आलेलं स्पष्ट दिसत होतं.

जगातल्या सगळ्यात जड कलिंगडाचं ते वजन. २०१३ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या सेव्हियरव्हिलच्या ख्रिस केंट यांनी पिकवलेलं, ३५० पौंडांवर अर्धा पौंड. त्याआधी एकाहून अधिक वेळा हा मान आर्कान्सासमधल्या होप गावच्या ब्राइट कुटुंबाकडे होता. १९८५ मध्ये २६० पौंड, आणि २००५ मध्ये पुन्हा, २६८.८. होप हे बिल क्लिंटन यांचंही जन्मगाव. क्लिंटन लहानपणीच गाव सोडून गेले, कलिंगड राहिलं. दर वर्षी ऑगस्टात तिथे कलिंगडाची जत्रा भरते.

ही मंडळी काय करतात, तर कॅरोलिना क्रॉस नावाच्या दांडग्या वाणाचं बी घेतात, एका वेलीला आपल्याकडे एक खोली-स्वयंपाकघर बसेल एवढी जागा देतात, फळाखाली वाळू किंवा फळी घालतात, त्याच्यावर सावलीला कापड बांधतात, फळ फुगताना देठ तुटू नये म्हणून वेल हळूहळू वळवून घेतात, आणि वेलीवर फळ ठेवतात फक्त एक. ही फळं जिभेसाठी नव्हे, काट्यासाठी वाढवलेली. जपानी लोक तर आणखी पुढे गेले. त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच कलिंगडाचं कलम भोपळ्याच्या मुळांवर बांधायला सुरुवात केली, कारण भोपळ्याची मुळं दणकट आणि मातीतल्या रोगांना पुरून उरणारी. हे ऐकून अक्का, म्हणजे अण्णांच्या मातोश्री, म्हणाल्या, "आपल्याकडेही भोपळ्याच्या जिवावर बरीच कलिंगडं मिरवतात." त्यांचा रोख कुणाकडे होता ते कळलं नाही, पण चकलीचा आवाज थोडा वेळ थांबला.

अण्णांनी १५९ किलोंचं ध्येय ठेवलं नाही. ते व्यवहारी गृहस्थ. त्यांनी चार्ल्सटन ग्रे हा वाण निवडला: लांबट, फिकट राखी-हिरव्या सालीचा, जमून आला तर दहा-पंधरा किलोंपर्यंत जाणारा. अमेरिकी कृषी खात्याच्या चार्ल्सटन इथल्या केंद्रात सी. एफ. अँड्रस यांनी १९५४ साली तो दिला, आणि मर रोगाला दाद न देणारा म्हणून तो जगभर गेला. पण अण्णांना भावला तो दुसऱ्याच कारणानं. हा वाण संकरित नव्हे, सरळ. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तेच फळ येतं. "म्हणजे मुद्दल परत," असं म्हणून अण्णांनी मान डोलावली.

सांगलीची जमीन काळी. ती पाणी धरून बसते आणि कलिंगडाच्या मुळांना ते सोसत नाही; त्यांना रेताड, निचऱ्याची माती लागते. म्हणून दोन हात खोल खड्डे घेऊन त्यात वाळू मिसळायची ठरली. आता हल्लीच्या दिवसांत कुणाकडे चार पाट्या वाळू मागून बघा. समोरचा माणूस आधी आजूबाजूला बघतो, मग आवाज खाली आणतो. शेवटी वाळू आली ती रात्री साडेनऊनंतर, एका ओळखीच्या ओळखीतून, आणि देणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

वाळूनंतर जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात कालवून आंबत ठेवायची. शेण-गोमूत्राला कुणाची हरकत नव्हती. पण अण्णा स्वयंपाकघरात येऊन गूळ आणि बेसन मागू लागले तेव्हा ताईंनी डब्यावर हात ठेवला. "साजूक तूप तेवढं देऊ का?" त्यांनी विचारलं, "म्हणजे लाडूच वळून घाला झाडाला." अण्णांना मधुमेह असल्यामुळे त्या घरात गूळ आणि बेसन एकत्र आलेले बरेच दिवसांत कुणी पाहिले नव्हते. पिंपातून तिसऱ्या दिवशी जो वास सुटला त्यानं मात्र लाडूचा विषय कायमचा मिटला.

संक्रांत झाली, बी पडलं. दोन आळी केली, प्रत्येकात एक वेल. थंडी सरली तशा वेली धावू लागल्या. नत्र जास्त झालं की कलिंगडाची नुसती पानं माजतात आणि फळाचं नाव नसतं, म्हणून अण्णांनी शेणखताचा हात वेळीच आखडला. इथे त्यांचा जुना अनुभव कामी आला.

होळीच्या सुमारास फुलं आली. सुरुवातीची सगळी नरफुलं. कलिंगडाची रीतच आहे ही: नर आधी येऊन ताटकळत उभे, मादी सावकाश येणार. मादीफुलाच्या तळाशी अंगावर लव असलेलं इवलंसं कलिंगड आधीच तयार असतं. नराच्या नशिबी नुसता देठ. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. एवढ्या वेळात मधमाश्यांनी पुरेशा खेपा केल्या नाहीत तर फळ धरत नाही, किंवा धरलं तर एका अंगानं फुगतं आणि दुसऱ्या अंगानं रुसून बसतं. पराग भरपूर पोचले तर बिया भरपूर, आणि बिया भरपूर असतील तर फळाला वाढायला बळ. थोडक्यात, मोठ्या कलिंगडाचा निकाल पहिल्या सकाळीच लागलेला असतो.

सांगलीच्या विश्रामबागेत, म्हणजे अण्णांच्या भागात, मधमाश्या बेताच्याच. म्हणून अण्णा रोज उजाडताच पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि बनियन अशा वेषात परसात जायचे, एक नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडायचे आणि मादीफुलाच्या मध्यावर हलक्या हातानं फिरवायचे. अक्का तुळशीपाशी बसून हे दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय चाललंय रे ते?"

आईला हे कसं सांगावं, हा प्रश्न अण्णांना साठीनंतर पडला. "यांचं... जुळवतोय," ते म्हणाले.

"दोघं एकाच वेलीवरची?"

"हो."

"मग सगोत्र झालं की रे."

कलिंगडाला आपल्याच वेलीचे पराग चालतात, शास्त्राची त्याला काही हरकत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पूर्वेच्या आळ्यातला नर पश्चिमेच्या आळ्यात जाऊ लागला आणि पश्चिमेचा पूर्वेला. घरात शांतता राहिली.

फळं धरली. दोन्ही वेली मिळून लिंबाएवढी दहा-बारा. आता खरी परीक्षा. अण्णा कात्री घेऊन बाहेर आले ते चष्मा पुसत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, गिरणीवाल्यांनी पाहिलेली शांतता होती. त्यांनी एकेक फळ उचलून पाहिलं. देठ किती जाड, आकार सरळ की वाकडा, मुळापासून अंतर किती. अगदी मुळाशी धरलेलं पहिलं फळ बहुधा खुजं आणि वेडंवाकडं राहतं, त्यामुळे आधी ते काढायचं. कात्री देठाला लागली.

"पहिलं फळ देवाचं," तुळशीपासून आवाज आला. "सांगलीत राहून पहिलं फळ गणपतीला नाही?"

अण्णा पुढच्या फळाकडे वळले. ते नातवाचं निघालं. नातू पुण्याला, त्यानं व्हिडिओ कॉलवर ते आपलं म्हणून निवडलं होतं, त्याला नाव ठेवलं होतं आणि रोज संध्याकाळी त्याचं दर्शन घेतल्याशिवाय तो जेवत नव्हता. तिसऱ्यापाशी कामाच्या मावशी केरसुणी घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या सुनेला सातवा महिना चालू होता आणि घरात पोटुशी बाई असताना कोवळं फळ खुडलेलं त्या बघणार नव्हत्या. बघू नका म्हटलं, तर आता कळलं ना, म्हणाल्या. चौथ्याला खुद्द ताई. त्यांचा मुद्दा निव्वळ हिशेबाचा होता: "महिनाभर पाणी घातलंय त्याला. पाणीपट्टी कुणी भरली?"

अर्ध्या तासात प्रत्येक फळाला एकेक जामीनदार मिळाला. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाच्या चिठ्ठीला, कुणाच्या साहेबाच्या फोनला दाद दिली नाही, तो कात्री खिशात घालून ओट्यावर येऊन बसला. "तिकडे निदान लोक बाकाच्या पलीकडे असायचे," एवढंच म्हणाला.

ही कोंडी फोडली समोरच्या काकूंनी. काकू मूळच्या अमरावतीच्या, ढेमसांवर वाढलेल्या. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, फेकायची कशाला? कोवळ्या फळाची ढेमसांसारखी भाजी होते. चण्याची डाळ टाका, झकास." क्षणात सगळं वातावरण बदललं. खुडून फेकणं हे पाप. खुडून फोडणीला टाकणं हा स्वयंपाक. मावशींनी पाठ फिरवायचं कबूल केलं. नातवाला दुसरं फळ दाखवून तेच त्याचं असल्याचं सांगण्यात आलं. हा प्रकार बँकेत चालला नसता. गणपतीचं फळ त्याच सकाळी, लिंबाएवढंच, देवघरात ठेवलं. देव आकार बघत नाही, भाव बघतो, असं अण्णा आईला म्हणाले, आणि अक्कांना ते त्यांनीच त्याला लहानपणी शिकवलेलं असल्यामुळे खोडता येईना. उरलेले सगळे अर्ज एका जेवणात निकाली निघाले.

मात्र भाजी चांगली झाली, हे नवं संकट. ताई येता-जाता वेलींकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागल्या. कोवळं फळ दिसलं की त्यांना डाळ भिजत घालावीशी वाटायची. शेवटी प्रत्येक वेलीवरच्या राखलेल्या फळाभोवती अण्णांनी लाल सुतळीचं रिंगण केलं. त्यापुढच्या काळात आत पाय टाकायला फक्त त्यांना परवानगी होती, आणि मांजराला, कारण ते विचारत नव्हतं.

दोनातलं पूर्वेकडचं फळ फळमाशीनं डंखलं आणि सडलं. पश्चिमेकडचं वाचलं. मग त्याच्याभोवती कागदाची टोपी आली आणि आळ्यात कामगंध सापळा टांगला गेला. सापळ्याचं नाव अक्कांसमोर घेता येईना, म्हणून घरात त्याला 'डबी' म्हणायचं ठरलं.

फळ नारळाएवढं झालं आणि बघ्यांची रीघ लागली. आपल्याकडे कुणाच्या मुलाच्या शिक्षणाबद्दल लोक जेवढं बोलतात, त्याहून जास्त कलिंगडाबद्दल बोलतात, कारण कलिंगडाची आई उलट उत्तर देत नाही. एक जण म्हणाले, देठाला सुईनं वात लावून तिचं दुसरं टोक दुधाच्या वाटीत सोडा. दुसरे म्हणाले, दूध नको, साखरेचं पाणी. साखर पानांत तयार होते, त्यासाठी उन्हात पसरलेली निरोगी पानं लागतात, वाटी लागत नाही, हे अण्णा समजावत राहिले. तिसरे काहीच बोलले नाहीत. ते नुसते 'अरे वा, केवढं मोठं!' म्हणून गेले, आणि ते गेल्यावर अक्कांनी काजळाची डबी मागवून फळाला तीट लावली. मला हे शास्त्रीय वाटलं नाही, पण त्यानंतर फळाला काही झालं नाही हेही खरं.

पाण्याचं वेळापत्रक सगळ्यात कडक. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. हे कळल्यावर ताईंचा विरोध पुष्कळ मावळला होता. टंचाईच्या दिवसांत घरात पिंप, बादल्या, कळशा, झालंच तर कुकरसुद्धा भरून ठेवणाऱ्या बाईला हे आणखी एक झाकणाचं भांडं पटलं. पण पाणी द्यायचं ते नेमानं. चार दिवस ताण आणि पाचव्या दिवशी पूर, असं झालं की आतला गर सालीपेक्षा वेगानं फुगतो आणि फळ तडकतं. त्यामुळे कोल्हापूरच्या एका लग्नाला अण्णा गेलेच नाहीत. ताई एकट्या गेल्या आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हणाल्या, "घरी एक जण आहे, त्याला टाकून येता येत नाही." दोन-तीन दिवस आम्हाला अक्कांच्या प्रकृतीची चौकशी करणारे फोन येत होते.

मग फळ काढायचं कधी, हा वाद. मंडईत आपण सगळेच कलिंगडावर टिचकी मारतो. कसला आवाज यायला हवा हे शंभरांतल्या नव्वदांना ठाऊक नसतं, तरी चेहरा गंभीर करून ऐकतो, फळ खाली ठेवतो, दुसरं उचलतो आणि शेवटी विक्रेता देईल ते घेऊन येतो. खरं म्हणजे कच्चं फळ टणटणीत वाजतं आणि पिकलेलं डबडब. पण टिचकीपेक्षा भरवशाच्या खुणा दोन आहेत. फळाच्या देठाजवळची बाळी वाळून तपकिरी होते, आणि फळाची जमिनीला टेकलेली बाजू पांढरटाची पिवळी पडते. कलिंगड एकदा तोडलं की पुढे गोड होत नाही. आंब्यासारखं अढीत घालून सुधारता येत नाही. म्हणजे मंजुरी एकदाच. अण्णा अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबले आणि त्या सकाळी त्यांनी देठ कापला.

आता वजन. स्वयंपाकघरातला काटा पाच किलोंवर हात वर करतो. घरात येऊन मोठं वजन करू शकणारा एकच माणूस, रद्दीवाला. त्यानं हुकाच्या काट्याला पोत्यात घालून फळ टांगलं, काटा डोळ्यांसमोरून सर्रकन नेला आणि म्हणाला, "साडेअकरा." त्याच्या काट्यावर त्या घरातल्या वर्तमानपत्रांनीही कधी आपलं खरं वजन पाहिलेलं नाही, पण सवय अशी की त्यानं पाठोपाठ भावही सांगितला.

अण्णांनी त्याला वाटेला लावलं आणि न्हाणीघरातला, माणसं जोखायचा काटा अंगणात आणला. कलिंगड त्यावर ठेवलं तर आकडा झाकला जाई. मग अण्णा स्वतः ते कवेत घेऊन उभे राहिले. मी वाकून वाचलं, "९७.४."

"यातून माझे ७४ वजा करा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज किंचित कापत होता. "२३.४! सव्वातेवीसच्या वर!"

काकूंनी टाळ्या वाजवल्या. नातू फोनवरून ओरडला. ताई मात्र पदराला हात पुसत पुढे आल्या. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर घरी ७४ चा आकडा सांगण्यात येत होता, आणि ताईंनी तो कधी स्वतः पाहिला नव्हता.

"खाली ठेवा ते," त्या म्हणाल्या. "आणि एकटे उभे राहा."

काट्यानं ८३.२ दाखवले.

भर अक्षय्य तृतीयेला, पंधरा माणसांच्या देखत, त्या कलिंगडाचं वजन नऊ किलोंनी घटलं. राहिलं १४.२. "म्हणजे एक सिलिंडर," ताईंनी हिशेब सांगितला, आणि अण्णांचा संध्याकाळचा चहा त्या दिवसापासून बिनसाखरेचा, खरोखरच बिनसाखरेचा, झाला.

तरी १४.२ म्हणजे काही कमी नव्हे. विक्रमाच्या अकराव्या हिश्श्याइतकं भरत असलं तरी परसातल्या एका आळ्याला ते शोभलं. प्रश्न होता ठेवायचं कुठे. जपानात झेंत्सुजी गावी कलिंगड लहान असतानाच चौकटीत घालून चौकोनी वाढवतात, म्हणजे फ्रिजच्या कप्प्यात नीट बसावं. पण ते पुरतं पिकू देत नाहीत आणि महागड्या दुकानात शोभेला मांडतात. अण्णांच्या फ्रिजला गोल काय आणि चौकोनी काय, एवढं काहीच मावणार नव्हतं. त्यामुळे फळ त्याच दुपारी, अंगणात, नारळ सोलायच्या कोयत्यानं कापलं. लाल होतं, रसाळ होतं, गोडीला बरं होतं. बाजारातलं चार किलोंचं फळ याहून गोड निघतं, असं माझं मत. ते मी तिथे मांडलं नाही.

सालीच्या आतला पांढरा भाग ताईंनी किसून थालीपिठात घातला. फोडी डब्यांत भरून आळीत वाटल्या. आणि प्रत्येक डब्याबरोबर अण्णांनी एक कोरी कागदी पुडी दिली: बिया धुऊन, सावलीत वाळवून यात परत द्याव्यात. वहीत रकाने आखले. घर, फोडी, अंदाजे बिया, मुदत. बी सरळ वाणाचं होतं, त्यामुळे सोडायचा प्रश्नच नव्हता.

वसुलीचा अनुभव नेहमीचाच आला. एका घरात मुलांनी बिया गच्चीवरून थुंकायची स्पर्धा लावली होती. एकांनी आपण त्या परस्पर कुंडीत पेरल्याचं सांगितलं, म्हणजे कर्ज एका कामासाठी घेऊन दुसरीकडे वळवल्याचा प्रकार. एका आजोबांनी गिळल्याचं मान्य केलं आणि मुदत मागितली. अण्णा रोज संध्याकाळी फिरायला निघायचे तेव्हा वही बरोबर असायची, आणि आता मंडईतलीच नव्हे तर त्यांच्या आळीतली माणसंही रस्ता ओलांडू लागली.

समोरच्या काकूंनी मात्र मुदतीच्या आधी, स्वतः येऊन डबा परत केला. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. अण्णांनी वही उघडून चष्मा लावला आणि झाकण काढलं. बिया होत्या. सगळ्या होत्या. तुपावर खमंग भाजून, वर मीठ आणि लाल तिखट भुरभुरवलेल्या.

अण्णांनी एक तोंडात टाकली. थोडा वेळ विचार केला. आणखी चार घेतल्या. मग काकूंच्या खात्यापुढे लिहिलं, 'एकरकमी तडजोड. खातं बंद,' खाली तारीख टाकून सही केली आणि ताई बघायच्या आत डबा स्वतःकडे ओढला.